दहा वाजताचं दूध

किलेमा, ९ फेब्रुवारी

किविया,

आई बरी आहे, गाय बरी आहे, मीही बरी आहे. रीतीचं लिहायचं ते संपलं. आता माझं काम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पाकीट दार-एस-सलामच्या बसवर केळ्यांच्या घडाबरोबर पाठवतेय. घड आईचा आहे, पत्र माझं. दोन्हींची गल्लत करू नकोस. आणि हे माफीचं पत्र नाही, हेही आधीच सांगते. तू पाठवलेला फ्रीज मी परत बसवर चढवला त्याचा मला पश्चात्ताप नाही. वाईट फक्त बसवाल्याचं वाटलं.

मी पायथन शिकतेय. संगणकाच्या ज्या भाषेवर तू पोट भरतोस तीच. पोटभर हसून घे, मग पुढे वाच.

तीन डिसेंबर आले आणि गेले, तू डोंगर चढून घरी आला नाहीस, त्यामुळे तुला इथलं काही ठाऊक नाही. बायकांच्या दूध संघाची मी आता सचिव आहे. अरुशाच्या डेअरीचा टँकर रोज येतो, पण रोज वेगळ्या वेळी. रस्त्यात चिखल असला तर उशिरा, नसला तर लवकर. केंद्रावरचं शीतयंत्र बंद पडलंय, म्हणून बायका दुधाचे कॅन पाटाच्या गार पाण्यात बुडवून ठेवतात आणि माझ्या फोनची वाट बघतात. मी एकेकीला फोन करत बसते. शेवटच्या घरी फोन लागेपर्यंत टँकर वळणावरून हॉर्न वाजवत खाली गेलेला असतो.

न्दोसीबाई आमच्या अध्यक्ष. त्यांना अरुशाची एक कंपनी भेटलीय. ती निरोपाचं काम घेणार, दुधाची नोंद घेणार, केंद्राची किल्लीसुद्धा घेणार. ईस्टरनंतरच्या सभेत ठरायचंय. एकदा सही झाली की सचिवाची खुर्ची उरत नाही. मी न्दोसीबाईंना म्हटलं, हे काम आपलं आपण करू, मी संगणकाकडून करून घेते. त्या म्हणाल्या, "एलिनिपा, तुला मिक्सर लावता येत नाही." खरं आहे. घरात मिक्सर नाही.

ती खुर्ची गेली तर माझ्याकडे काय उरतं ते तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या केळीच्या बागेत, तुझ्या छपराखाली, तुझ्या मर्जीने राहणारी बहीण उरते. ते मला व्हायचं नाही.

तर, चर्चच्या कार्यालयातला जुना लॅपटॉप मागून घेतलाय. डेअरी टँकरची वेळ आदल्या संध्याकाळी इंटरनेटवर टाकते. माझ्या प्रोग्रामने ती वाचायची आणि पहाटे सगळ्याजणींना संदेश पाठवायचा, एवढंच. जगभरच्या नवशिक्यांचा एक मदतगट आहे, तिथे मी इंग्रजीत लिहिलं, 'माझा प्रोग्राम चालत नाही, कृपया मदत करा.' एकाने विचारलं, काय चालत नाही? मी पडद्याचा फोटो काढून टाकला. फोटोत चहाचा कपही आला. दुसरा म्हणाला, फोटो नको, मजकूर टाका. तिसरा म्हणाला, विचारण्याआधी शोधायला शिका. चौथ्याने लिहिलं, 'आजीबाई, स्वयंपाकघरात परत जा.' मी उत्तर दिलं, 'स्वयंपाकघरातूनच लिहितेय, चुलीवर केळ्यांची म्तोरी आहे, तुला वाढणार नाही.' मग मला दोन दिवस लिहायला बंदी झाली.

मागच्या पानावर प्रोग्राम हाताने उतरवलाय. बघून सांग कुठे अडलंय.

एलिनिपा

किलेमा, २७ फेब्रुवारी

किविया,

उत्तर पोचलं. माझ्याच कागदाच्या पाठीवर, वर 'ताई' नाही, खाली सही नाही. 'काय केलंस, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, तिन्ही लिही. चालत नाही याला उत्तर नसतं.'

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लहानपणी तुझं नाक मी पुसलंय आणि तू मला प्रश्न कसा विचारायचा ते शिकवतोस! कागद चुलीत घालायला निघाले होते. आईने हात धरला.

मग मला कळलं की तू उत्तर दिलंस कशामुळे. पाकिटात इसालेचं, माफीचं पान निघालं ना? ते आईने सरकवलं होतं, मला न विचारता. मी तिला म्हटलं, "माफी मागायला मी काय केलंय?" ती म्हणाली, "पान तुझं नाही, माझं आहे. मी आई आहे, मला कुणाचीही माफी मागता येते." पान आलं की आपल्या चागा जमातीच्या माणसाला तोंड फिरवता येत नाही, हे तिला पक्कं माहीत. म्हणजे तू पानाला उत्तर दिलंस, मला नाही. ठीक आहे. हिशेब स्पष्ट असलेला बरा.

पण खोटं कशाला बोलू, तुझी ती ओळ कामाला आली. बंदी उठल्यावर मी गटावर तसंच लिहिलं. काय केलं, काय हवं होतं, काय झालं. सोबत मजकूर, फोटो नाही. अर्ध्या तासात वॉर्सातल्या एका भल्या माणसाने दाखवून दिलं की काही ओळी मी स्पेस देऊन आत सरकवल्यात आणि काही टॅब दाबून. दिसायला अगदी सारख्या. संगणकाला मात्र ते चालत नाही, तो हटून बसतो. सगळ्या ओळी पुसून एका पद्धतीने लिहिल्या आणि प्रोग्राम धावला! मी ओरडले तशी शेजारची उपेंडोची आई हातातलं गवत टाकून धावत आली. तिला वाटलं साप निघाला.

आता लॅपटॉपला माझा जुना फोन जोडलाय. चाचणीचा संदेश आईला, उपेंडोच्या आईला आणि मला आला. पुढच्या आठवड्यापासून साऱ्या गावाला.

तुला फक्त कळवलं. आता काही विचारायचं नाही.

एलिनिपा

किलेमा, १६ मार्च

किविया,

गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

सोमवारी पहिला संदेश गेला. 'टँकर आज १० वाजता.' मी केंद्रावर साडेनऊलाच जाऊन बसले, नवा कितेंगे नेसून. टँकर वेळेवर आला. ड्रायव्हर शाबानी उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, आज गावात गाई संपावर आहेत का?" एकही बाई नाही. मी फोन करू लागले तर कुणी शेतात, कुणी बाजारात. शाबानी तरी किती थांबणार, त्याला पुढची गावं होती. तो गेला.

आणि ऊन कलल्यावर बायका आल्या. ओळीने, डोक्यावर कॅन, हसत, गप्पा मारत, अगदी वेळेवर. दहा वाजता!

तू आता कपाळाला हात लावला असशील. मीही लावला. आपण दिवस उगवल्यापासून तास मोजणारी माणसं. लॅपटॉपचे दहा म्हणजे आपले सकाळचे चार, आणि आपले दहा म्हणजे लॅपटॉपचे दुपारचे चार. मी पडद्यावर दहा बघत होते आणि मनात चार वाचत होते, जसं आपण सगळेच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वाचतो. चाचणीच्या दिवशीही तसंच वाचलं. आईलाही विचारलं होतं, तिने चष्म्याशिवाय "छान आहे" म्हटलं. प्रोग्रामला कुणी हे शिकवलं नव्हतं, त्याने जे दिसलं ते लिहिलं. बायकांनी जे लिहिलंय ते वाचलं. त्यांची काय चूक?

सगळ्या गावाचं दूध आंबलं. न्दोसीबाई केंद्राच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "आज किलेमात सगळे दही खा. सचिवबाईंकडून." बायका हसल्या. ओलिवाची आई हसली नाही. तिच्याकडे एकच गाय आहे.

मी घरोघर जाऊन सांगून आले की चूक माझ्या प्रोग्रामची, म्हणजे माझी. ओलिवाच्या आईने दारात उभं करून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस. पण उद्या संदेश नको पाठवू, फोनच कर." उद्यापासून पुन्हा फोन.

सभेला महिना राहिलाय. मी हे सोडणार नाही.

एलिनिपा

किलेमा, ३० मार्च

किविया,

मदतगटावर विचारलं. काय केलं, काय हवं होतं, काय झालं, सगळं शिस्तीत. आणि लिहिलं की मला दहाचे चार करायचे आहेत.

अरे, काय गोंधळ माजला! कुणालाच कळेना की एखाद्या बाईला सकाळी दहा वाजता चार कशाला वाजवायचेत. एक म्हणाला, तुमचा देश कुठला? सांगितलं. तो म्हणाला, मग तुमचं घड्याळ बरोबर आहे. मी म्हटलं, घड्याळ बरोबर आहे, आम्हीही बरोबर आहोत. दुसरा म्हणाला, हा टाइमझोनचा घोटाळा आहे, लॅपटॉपला सहा तास मागचा देश दाखवा. वॉर्सातला भला माणूसही म्हणाला, हेच सोपं. इतकी शहाणी माणसं एकमताने सांगतात म्हटल्यावर मी लॅपटॉपला अटलांटिक समुद्रातला कुठलातरी देश दाखवला.

संदेश अगदी बरोबर तयार झाला. 'टँकर आज सकाळी ४ वाजता.' मी उड्या मारल्या. या खेपेला सगळ्या गावाला न पाठवता फक्त केंद्राजवळच्या वीस घरांना पाठवायचं ठरवलं. तेवढी अक्कल आली होती.

पण पाठवायची वेळही तोच लॅपटॉप बघतो ना! पहाटे साडेपाचला पाठव असं मी लिहून ठेवलं होतं. तो बसला समुद्रातल्या देशाची पहाट उजाडायची वाट बघत. संदेश गेले तेव्हा इथे सूर्य डोक्यावर आला होता आणि शाबानी अरुशाच्या वाटेला लागला होता. पुन्हा दही.

न्दोसीबाईंनी अरुशाच्या त्या कंपनीत काम करणाऱ्या मुलाला फोन करून सभेचं आमंत्रण दिलं, माझ्यासमोर, मोठ्या आवाजात.

तुला सरळ विचारते. पाठवायची वेळ लॅपटॉपच्या घड्याळाने राहू दे आणि बायकांना सांगायची वेळ आपल्या मोजणीने जाऊ दे, हे दोन्ही एकाच प्रोग्रामात कसं करतात? जगात ज्यांना ज्यांना विचारलं त्यांना हा प्रश्नच कळत नाही. तुला कळेल, कारण तू याच चुलीपाशी वाढलास. मला एक खूण दे. बाकी मी करते.

ताई

किलेमा, १२ एप्रिल

किविया,

बसवाला पाकीट देऊन गेला. आत पेनड्राइव्ह आणि चिठ्ठी. 'पूर्ण करून दिलंय. लावलंस की चालेल. काही बदलू नकोस.'

मी तो लावला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

आई म्हणाली, "वेडी आहेस का? सभा तोंडावर आलीय. धाकट्याने करून दिलंय तर वापर." मी म्हटलं, "आई, न्दोसीबाईंनी सभेत विचारलं की हे कसं चालतं, तर काय सांगू? माझ्या भावाला विचारा?" ती म्हणाली, "दूध आंबलं तर तेही मीच खाणार का?" आणि उठून गेली. तिचंही बरोबर आहे. मला भीती वाटतेय किविया, खोटं नाही बोलत. पण लावणार नाही.

का ते तुझ्याच पद्धतीने सांगते.

काय केलं: नवऱ्याचं घर सोडून मी आईकडे परत आले. बाबा गेल्यावर बाग राखली, गाय राखली, आईला राखलं. छपराचे पत्रे बदलले.

काय व्हायला हवं होतं: धाकट्या मुलाला घर मिळतं ही आपली रीत, ती मला ठाऊक होती. मला घर नको होतं. मला वाटलं होतं, तू बोलशील माझ्याशी. आपण दोघं बसून ठरवू, ताईने कुठे राहायचं, कसं राहायचं.

प्रत्यक्षात काय झालं: त्या डिसेंबरात सगळं गोत जमलेलं, बोकड कापलेला, म्बेगेच्या दारूचा भोपळा हातोहात फिरतोय, आणि तू उभा राहून म्हणालास, "ताई, राहा हवं तितके दिवस. मी काही तुला हाकलत नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, काय मन आहे पोराचं! आणि मी चारचौघांत माझ्याच चुलीपाशी पाहुणी झाले. म्हणून मी म्हटलं, हाकलून तर बघ. म्हणून तू रागाने निघून गेलास. म्हणून फ्रीज परत.

मी खूण मागितली आणि तू अख्खा प्रोग्राम दिलास. घराचंही तेच केलंस. मागितलं एक, दिलंस भरपूर, आणि मला हात लावायला जागा ठेवली नाहीस.

तरी तू पाठवलास. तीन वर्षांनी, रात्रीचा दिवस करून बसला असशील, ते मला कळतं. ते मला बरं वाटलं. हेही लिहून टाकते.

ताई

किलेमा, २६ एप्रिल

किविया,

सभा झाली. आधी प्रोग्रामचं सांगते.

तुझं पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून मी चुलीपाशी बसले होते. आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "चार वाजले, गाईला पाणी दाखव." घड्याळात काटा दहावर होता. आई घड्याळाचे काटे फिरवत नाही. बघताना दहाच बघते, आणि तोंडातून बाहेर पडताना चार होतात. म्हटलं, हेच तर हवंय! लॅपटॉपला त्याच्या देशात सुखाने राहू दे. आतला सगळा कारभार त्याच्या घड्याळाने. फक्त संदेश बाहेर पडताना शब्द बदलायचा.

कसा बदलायचा ते मला एकाच पद्धतीने येत होतं. सात असेल तर एक लिही. आठ असेल तर दोन लिही. असं करत दिवसाच्या चोवीस तासांच्या चोवीस ओळी लिहिल्या. गटावर टाकल्या तेव्हा एकजण म्हणाला, हे फार कुरूप आहे. मी विचारलं, चूक आहे का? तो म्हणाला, चूक नाही. मग मी त्याला नमस्कार केला.

सभेच्या आधीचा आठवडाभर संदेश गेले. ओलिवाच्या आईच्या पाया पडून तिचा नंबर परत घातला. एकदा टँकर सकाळी तीनला, एकदा पाचला, एकदा ऐन सहाला, म्हणजे लॅपटॉपच्या बाराला. रोज शाबानी उतरला तेव्हा बायका कॅन घेऊन उभ्या होत्या. शेवटच्या दिवशी तो मलाच विचारू लागला, "ताई, उद्या मी किती वाजता येणार आहे?"

सभेत कंपनीच्या मुलाने त्याचं काम दाखवलं. देखणं होतं, रंगीत होतं, मुलगाही सभ्य होता. मग न्दोसीबाई माझ्याकडे वळल्या. "एलिनिपा, चालतंय ते मी बघितलं. पण तू आजारी पडलीस तर? हे गुपित तुझ्या एकटीच्या डोक्यात. कंपनीत दहा माणसं आहेत."

प्रश्न रास्त होता. मी तोंड उघडायच्या आत उपेंडोची आई उठली. गेले पंधरा दिवस ती गवत टाकून माझ्या शेजारी बसतेय. म्हणाली, "मी आहे. मला अजून फारसं येत नाही. काल मी एक ओळ चुकवली आणि सगळं बंद पाडलं. पण काय केलं, काय हवं होतं, काय झालं, असं लिहून गटावर विचारलं आणि उत्तर मिळवलं. एलिनिपा तेव्हा बाजारात होती." मग कंपनीच्या मुलाकडे बघून म्हणाली, "तुमचं बंद पडलं तर आम्ही कुणाला विचारायचं?" तो म्हणाला, "अरुशाला फोन करा." मागून कुणीतरी म्हणालं, "अरुशात तेव्हा किती वाजलेले असतील?" सगळी सभा हसली. न्दोसीबाईसुद्धा, तोंडावर पदर धरून.

हात वर झाले. डिसेंबरपर्यंत काम आमच्याकडे. तेव्हा पुन्हा सभा. न्दोसीबाई जाता जाता म्हणाल्या, "एकदा जरी दही झालं तरी कंपनीला बोलावेन." म्हटलं, बोलवा. खुर्ची माझी आहे, कोणी दिलेली नाही. त्या रात्री मी गाढ झोपले.

सभेनंतर तुझा पेनड्राइव्ह लावला. लावला म्हणजे चालवला नाही, वाचला. किविया, फार सुंदर लिहितोस तू. जे मी चोवीस ओळींत केलं ते तू एका ओळीत केलंयस. तासातून सहा वजा, बाराने भाग, उरेल ती बाकी घे, बाकी शून्य आली तर बारा. दिवसाचे तास मी कागदावर करून पाहिले, जमले. पण लॅपटॉपच्या पहाटेच्या तीनला अडले. तीनातून सहा गेले की उणे तीन. उणे तीनला बाराने भागलं की तुझी ओळ म्हणते बाकी नऊ. नऊच हवेत, बरोबर आहे. पण उणे तीनाची बाकी नऊ कशी होते? उपेंडोच्या आईने आणि मी शेंगदाणे मांडून पाहिलं. जमलं नाही, शेंगदाणे खाऊन टाकले.

हे मला समजावून सांग. करून देऊ नकोस, सांग. फोनवर नको, डिसेंबरात येऊन शेजारी बसून सांग. समजलं की तुझी ओळ घेईन आणि माझ्या चोवीस पुसेन. तोपर्यंत किलेमाचं दूध माझ्या ओळींवर जाईल.

आणि दुसरं. घर तुझं आहे, त्याला माझी ना नाही. पण या खेपेला सगळ्यांसमोर मला 'राहा' म्हणू नकोस. मला विचार, 'ताई, राहशील का?' मी काय उत्तर देईन ते आत्ता सांगत नाही. तुला असं विचारायची सवय नाही, पहिल्यांदा जीभ अडखळेल, चुकशीलही. चुकलास तरी चालेल. मी नवशिक्यांना हसत नाही.

तुझी,
ताई